सीपॅपच्या डब्यात पाणी कोणतं टाकायचं? बोअर, जार, आरओ का डिस्टिल

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला अंबाजोगाईहून आमच्या साडूचा फोन आला. "पाव्हणं, मशीन आलंय, नळी जोडली, मास्क बी बसला, पर त्या डब्यात पाणी कोणतं टाकू? बोअरचं टाकलं तर चालतंय ना?" मी म्हणलं थांबा, काहीच टाकू नका, आज कोरडंच लावा आन् झोपा, सकाळी बोलू. सकाळी सांगायला बसलो तर पाऊण तास गेला, आमच्या मंडळी म्हणल्या रोज कोणी ना कोणी हेच विचारायलंय, एकदाचं लिहून टाका ना. म्हणून लिहायलोय. मी काय डॉक्टर नाही, लातूरला राहतो, चार वर्षं झाली रोज रात्री हे सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं) लावून झोपतो आन् पाण्याच्या बाबतीत ज्या चुका करता येतात त्या जवळपास सगळ्या करून झाल्यात. दबाव किती ठेवायचा, मास्क कोणता, हे तुमच्या डॉक्टरला विचारा, मी फक्त पाण्याचं सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा की तुमच्यावर उपचार करते ती हवा, पाणी नाही. झोपेत घसा मिटतो आन् श्वास अडकतो, त्यासाठी मशीन दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवतं. पाण्याचा डबा फक्त त्या हवेला ओल द्यायला, नाहीतर सकाळी नाक असं कोरडं पडतं की आतून कोणी पॉलिश पेपर मारलाय. म्हणून पाणी मिळालं नाही म्हणून मशीन कपाटात ठेवून झोपायचं, हे करू नका. ओल बंद करून नुसत्या हवेवर मशीन चालतं, एखाद-दुसरी रात्र नाक कोरडं पडेल एवढंच.

आता डब्यात होतं काय ते बघा. डब्याच्या बुडाला धातूची प्लेट असते, ती मशीनमधल्या गरम होणाऱ्या प्लेटवर बसते. पाणी उकळत नाही, कोमट होतं, त्याची वाफ होऊन हवेत मिसळते आन् ती हवा नळीतून तुमच्या नाकात. म्हणजे नाकात जाते ती वाफ. पाण्यात विरघळलेला चुना, मीठ, मॅग्नेशियम काय जे असेल ते वाफेसोबत उडत नाही, ते डब्यातच राहतं. मिठागरात होतं तेच, फक्त लहान. बाजारात दुसरे ते धुकं सोडणारे ह्युमिडिफायर मिळतात, ते पाण्याचे बारीक तुषार उडवतात, त्यात क्षार पण हवेत येतात आन् टेबलावर पांढरी धूळ बसते, ते वेगळं यंत्र. त्याचे व्हिडिओ बघून सीपॅपला घाबरू नका. एक रात्र बोअरचं पाणी गेलं म्हणून छातीत चुना बसत नाही.

मग क्षाराचं एवढं कशाला? हिशोब करून बघा. रात्रीला समजा पाव लिटर पाणी उडालं, आमच्याकडच्या कोरड्या हवेत एवढं सहज उडतं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) समजा 1000, म्हणजे एका लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार. पाव लिटरमागं पाव ग्रॅम, महिन्याला साडेसात ग्रॅम. चहाच्या चमच्यानं मोजलं तर सव्वा-दीड चमचा पांढरी पूड, ती पण त्या एवढ्याशा डब्याच्या बुडात शिजून घट्ट बसलेली. प्लेटची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, ओल कमी पडते, तुम्ही सेटिंग वाढवता, अजून थर बसतो. शिवाय खरबरीत थरात घाण अडकते, घाण अडकली की बुळबुळीत होतं, बुळबुळीत झालं की वास. माझ्या पहिल्या डब्याचं असंच झालं. मशीन देणारा सांगून गेला होता, "काका कोणतंबी पिण्याचं पाणी टाका", मी घरातल्या माठातलं टाकत गेलो. दीड महिन्यानं एकदा सकाळी खिडकीत उजेडाला धरून बघितलं तर पाण्याच्या पातळीच्या जागी एकाखाली एक पांढरी वलयं, झाडाच्या खोडाला असतात तशी, आन् बुडाला पापडी. नखानं उकरली तर चक्क निघाली, कुरकुरीत.

म्हणून पाणी निवडताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, एकात एक मिसळायचे नाहीत. यात क्षार किती? यात जंतू आहेत का? आन् यात वासाचं किंवा उडून जाणारं काही आहे का? बहुतेक लोकांची गल्लत इथंच होते. पाणी उकळलं म्हणजे झालं असं वाटतं, पण उकळल्यानं जंतू मरतात, क्षार तिथंच राहतात. थोडा चुना बुडाला पांढरा होऊन बसतो खरा, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच, पण बाकीचं पाण्यातच राहतं. उलटीकडून, आरओचं पाणी क्षारात कमी पण टाकीत चार दिवस पडून राहिलं तर जंतूचं काय सांगता येत नाही. क्लोरीनचा वास मात्र दोन्हीपेक्षा वेगळा, तो वाफेसोबत थेट नाकात येतो.

आता आपल्याकडं घरात येणारं पाणी कोणतं कोणतं, एकेक बघू.

बोअर. सरळ नाही म्हणायचं. आपला सगळा मुलूख काळ्या बसाल्ट पाषाणाचा, पाणी खडकाच्या फटीत साचून राहतं आन् तिथला कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेतं, शिवाय दर उन्हाळ्याला बोअर खाली खाली चाललेत. जड पाणी ओळखायला मीटर लागत नाही, घरातल्या बाईला विचारा, ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आन् सोडा टाकावा लागतो, साबणाला फेस येत नाही, ते जड. पिण्याच्या पाण्याच्या सरकारी मानकात, आयएस 10500 मध्ये, टीडीएस 500 पर्यंत चांगला आन् दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे "पिण्यायोग्य" असा शिक्का असलेलं पाणीसुद्धा तुमच्या डब्याची वाट लावू शकतं. पिण्याचं माप वेगळं, मशीनचं माप वेगळं.

नळाचं पाणी कुठून येतं त्यावर आहे, मांजरा असो, जायकवाडी असो, विष्णुपुरी असो, धरणाचं पाणी बोअरपेक्षा हलकं असतं सहसा. पण आपल्या गावांत नळ रोज कुठं येतो? आठ-आठ दिवस पाणी हौदात, टाकीत, पिंपात साठवायचं, त्यात पुन्हा टँकरचं मिसळायचं, मेडिक्लोरचे (क्लोरीनचे) थेंब टाकायचे, तुरटी फिरवायची. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, क्षार कमी होत नाही. मेडिक्लोर पिण्याच्या पाण्याला चांगलं, पण तेच पाणी कोमट डब्यातून रात्रभर हुंगायचं म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या काठावर झोपल्यासारखं. माठ, तांब्याचं भांडं, कॅन्डलचा फिल्टर, यातल्या एकानंही विरघळलेले क्षार जात नाहीत. बंगल्यात सॉफ्टनर बसवलेला असेल तर तेही पाणी डिस्टिल (वाफ गार करून बनवलेलं, क्षार नसलेलं) समजू नका, सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, मीटरवर आकडा जवळपास तेवढाच राहतो.

जारचं पाणी, वीस लिटरवालं. हे सगळ्यात फसवं. टीडीएस बघाल तर बऱ्याचदा कमी असतो, कारण प्लांटला आरओ असतो. पण जार आतून कधी घासला, तोटीला कोणाचे हात लागले, लग्नाच्या मांडवातून आलेला जार तसाच भरून तुमच्या दारात आला का, हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय आज या प्लांटचा, उद्या त्या प्लांटचा. मी आठ महिने जारच वापरत होतो, आकडा कधी 40, कधी 180. दुसरं काही नसेल तर जारचं पाणी उकळून, झाकून थंड करून वापरा. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या, बास, अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. जास्त आटवलं तर उलट उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात.

घरचा आरओ. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी हा रोजचा व्यवहारी मार्ग आहे, पण डोळे झाकून नाही. चांगला चालणारा आरओ नव्वद टक्क्याच्या आसपास क्षार काढतो, म्हणजे हजाराचं पाणी शंभरावर, पाचशेचं पन्नासावर. मेंब्रेन (आतला गाळणारा पडदा) जुनं झालं की आकडा चढायला लागतो आन् चवीवरून ते कळत नाही. आजकाल आरओला टीडीएस कंट्रोलर असतो, चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम मिसळतो, कुठं मिनरलची नळकांडी, कुठं तांब्याची, कुठं अल्कलाइन, म्हणजे एकीकडून क्षार काढायचे आन् दुसरीकडून विकत घालायचे. पिण्याला ठीक आहे, मशीनला उलटं. मेकॅनिक सर्व्हिसिंगला आला की त्याला विचारा बायपास किती ठेवलाय. नुसता यूव्हीचा प्युरिफायर असेल तर तो जंतू मारतो, क्षाराला हात लावत नाही, हे पण लक्षात ठेवा. आरओचा आकडा पन्नासाच्या खाली असेल तर उकळून-गार करून वापरायला मला तरी अडचण वाटत नाही, फक्त डब्याची सफाई नेमानं करायची. शंभराच्या वर असेल तर डिस्टिलच बघा.

टीडीएस मीटर म्हणजे पेनाएवढं यंत्र असतं, ऑनलाइन कुठंही मिळतं, घेऊन टाका. फक्त एवढं लक्षात ठेवा की ते विजेच्या वहनावरून विरघळलेले क्षार मोजतं, जंतू मोजत नाही. मीटरनं 3 दाखवलं म्हणजे पाणी निर्जंतुक झालं असं नाही. गटारातलं पाणी डिस्टिल केलं आन् त्यात कोणी हात बुडवला तरी मीटर जवळपास तेवढंच दाखवणार.

मीटर नसेल तर आपला उन्हाचा मीटर आहे की. एक काचेची बशी किंवा आरसा घ्या, स्वच्छ पुसा, त्यावर बोअरच्या पाण्याचा एक चमचाभर थेंब, बाजूला आरओचा, बाजूला जारचा, बाजूला डिस्टिलचा. कागदाच्या चिठ्ठ्या लावा नाहीतर नंतर कोणता कोणाचा कळत नाही, मला नाही कळला पहिल्यांदा. गच्चीवर जाळी झाकून ठेवा. चैत्र-वैशाखात तासाभरात वाळतं. बोअरच्या जागी पांढरं गोल पडेल, कडेला जाड आन् मध्ये विरळ, बोटाला पूड लागेल. आरओच्या जागी हलकी कडा. डिस्टिलची जागा शोधावी लागली पाहिजे, तिथं डाग दिसला तर ते डिस्टिल नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आता येतो मुख्य मुद्द्यावर. मशीनच्या कंपन्या पुस्तिकेत डिस्टिल वॉटर म्हणतात, तेच सगळ्यात बरं. पण परदेशात ते किराणा दुकानात गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं, आपल्याकडं "डिस्टिल वॉटर द्या" म्हणलं की दुकानदार बॅटरीचं पाणी काढून देतो. इन्व्हर्टरच्या दुकानातला तो पाच लिटरचा कॅन. त्याचं काय करायचं हे लोक सगळ्यात जास्त विचारतात. त्यातलं बरंचसं पाणी खरं डिस्टिल नसतंच, डीमिनरलाइज्ड असतं, म्हणजे रेझिनच्या मण्यांमधून जाऊ देऊन क्षार काढलेलं. क्षाराच्या हिशोबानं ते चांगलं, आकडा एकअंकी येतो. पण ते बॅटरीसाठी बनवलेलं आहे, जंतूंची काळजी कोणी घेतलेली नाही, कॅन खाण्या-पिण्याच्या दर्जाचा आहे का माहीत नाही, आन् सुटं भरून मिळतं ते तर ॲसिडच्या कॅनमध्येसुद्धा भरलेलं असू शकतं. लेबल वाचा, पिण्यासाठी नाही असं लिहिलेलं असलं तर ते रात्रभर नाकानं ओढायला मी सांगणार नाही. वापरणारे लई लोक आहेत, मी पण सहा महिने वापरलंय, पण एका कॅनला झाकण उघडल्या उघडल्या प्लास्टिकचा असा भपकारा आला की तिथून सोडलं. उकळल्यानं जंतू मरतील, कॅनमधून उतरलेलं काही जाणार नाही.

मग कुठून घ्यायचं? एक म्हणजे शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला माल पुरवणारी दुकानं, तिथं सीलबंद डिस्टिल वॉटर मिळतं, लातूर, नांदेड, संभाजीनगर अशा कॉलेजच्या गावात सापडतात. दुसरं म्हणजे मेडिकल. तिथं "स्टराईल वॉटर" मागायचं, इंजेक्शनसाठीचं किंवा जखम धुण्यासाठीचं, अर्ध्या किंवा एक लिटरच्या बाटलीत. त्या पाच-दहा मिलीच्या काचेच्या कुप्या फोडत बसू नका, घर विकावं लागेल. मोठी बाटलीसुद्धा रोजच्या वापराला महागच पडते, पण ज्यांची फुफ्फुसं आधीच कमजोर आहेत किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरला विचारून हाच मार्ग बघावा. बाटली फोडली की ती निर्जंतुक राहिली नाही, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा आन् दोन-चार दिवसांत संपवा.

इथं एक धोका बजावून सांगतो. मेडिकलच्या फडताळावर सगळ्या बाटल्या एकसारख्या, तीच पारदर्शक प्लास्टिकची बाटली, तेच बारीक अक्षर. दुकानातलं नवं पोरगं घाईत सलाईन काढून देतं. सलाईन म्हणजे 0.9 टक्के मीठ, लिटरला नऊ ग्रॅम, आपल्या वाईटातल्या वाईट बोअरच्या कितीतरी पट. पाव लिटर उडालं तर एका रात्रीत सव्वादोन ग्रॅम मीठ डब्यात. दुसरी बाटली डेक्स्ट्रोजची, ती तर साखर, कोमट डब्यात साखरेचं पाणी म्हणजे जंतूंना जेवणावळच घातली. तिसरी रिंगर लॅक्टेट, त्यात पण क्षार. तेव्हा काउंटरवरच चष्मा लावून लेबल वाचायचं, वॉटर या शब्दाशिवाय दुसरं काही घटकात लिहिलेलं नको.

ज्यांना दर महिन्याची ही पळापळ नको त्यांनी घरगुती डिस्टिलर घ्यावा, केटलसारखं यंत्र असतं, पाणी उकळून वाफ गार करून बरणीत थेंब थेंब सोडतं. विजेचा हिशोब सरळ आहे, एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला साधारण पाऊण युनिट लागतं, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. महिन्याला साडेसात-आठ लिटर म्हणजे सहा युनिट, थोडी गळती धरून सात-आठ. यंत्राची किंमत सोडली तर चालवायला महाग नाही. मी आता हेच करतो. त्यात बोअरचं पाणी घालू नका, आरओचं घाला, नाहीतर डब्याऐवजी डिस्टिलर घासत बसाल.

यंत्राशिवायही होतं, एकदा करून बघायला मजा येते. मोठं पातेलं, त्यात दीड-दोन लिटर पाणी, मध्ये स्टीलची तिवई, तिच्यावर स्टीलचं रुंद भांडं असं ठेवा की खालचं उकळतं पाणी उडून त्यात येणार नाही. पातेल्यावर झाकण उलटं ठेवायचं, मधला खोलगट भाग बरोबर भांड्यावर आला पाहिजे, वर बर्फ किंवा गार पाणी. मंद गॅस. झाकणाला लागलेली वाफ मध्ये येऊन भांड्यात टपकते. गॅस लई जळतो आन् पाणी मिळतं थोडं, रोजच्याला परवडत नाही, पण अडचणीच्या रात्री कामाला येतं. गॅस सोडून बाहेर जाऊ नका, पाणी आटलं की पातेलं करपतं.

एसीचं पाणी? याला नाहीच. वाफ गार होऊनच ते झालेलं असतं म्हणून क्षार कमी, इन्व्हर्टरला कोणी टाकत असेल तर टाको, पण ते धुळीनं आन् बुरशीनं भरलेल्या जाळीवरून निथळून आलेलं असतं. पावसाचं पाणी पत्र्यावरून, कौलावरून येतं, तिथं कबुतरं बसतात, यापुढं मी काय सांगू. दुकानातलं बाटलीबंद पाणी प्रवासात दोन-चार रात्री चालतं, रोज नको, त्यात चवीसाठी क्षार घातलेले असतात, लेबलवर लिहिलेलं असतं.

आन् पाण्यात काही घालायचं नाही. काहीच नाही. सर्दी झाली की आमच्या आईचा आग्रह, निलगिरीचे दोन थेंब टाक बाळा त्यात, ओवा-कापूर टाक. वाफ घ्यायच्या पातेल्यात खुशाल टाका, मशीनमध्ये नको, तेल प्लास्टिकला खातं आन् रात्रभर सात तास तोच उग्र वास दाबानं फुफ्फुसात जातो. अत्तर, गुलाबपाणी, डेटॉल, सगळं त्याच यादीत.

पाणी कितीही चांगलं आणा, डबा रोज रिकामा केला नाही तर सगळं वाया. उरलेल्या पाण्यात वरून भर घालत राहिलात तर क्षार दाट दाट होत जातात आन् कोमट शिळं पाणी जंतूंना आवडतं. सकाळी उठलं की डबा काढा, उरलेलं ओता, उपडा करून स्वच्छ कपड्यावर सावलीत वाळू द्या. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं ज्यानं बघितलंय त्याला रोज अर्धा पेला चांगलं पाणी ओतायचं जिवावर येतं, मला पण यायचं. तुळशीला ओता. पण डब्यात ठेवू नका.

आठवड्यातून एकदा कोमट पाणी आन् भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापडानं पुसा, भरपूर खळाळा. पांढरा थर दिसायला लागला की साधं पांढरं व्हिनेगर एक भाग आन् पाणी नऊ भाग, दहा मिनिटं भरून ठेवा, मग खळाळून वाळवा. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत चमचाभर कोमट पाण्यात. चुना आंबटाला विरघळतो, बारीक बुडबुडे येतात, तेव्हा समजा की काम सुरू झालंय. तारेची घासणी नको, राख-चिंच नको, बुडाची प्लेट म्हणजे देवघरातली समई नाही, ओरखडा पडला की पुढचा थर तिथंच जास्त घट्ट बसतो. आतून गुलाबीसर बुळबुळीत दिसलं किंवा ओलसर फडक्यासारखा वास आला तर त्या रात्री पाणी न टाकता झोपा आन् सकाळी डबा नीट धुवा. डबा तडकला, पिवळा पडला, रबराची कड सैल झाली तर बदला, गळती होऊन पाणी मोटरमध्ये गेलं तर खर्च वेगळाच.

भरताना डबा मशीनमधून बाहेर काढून भरा, रेषेच्या वर नको. उकळलेलं पाणी गार झाल्यावरच टाका. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं तसलं पण नको. डबा भरलेला असताना मशीन उचलून या खोलीतून त्या खोलीत न्यायचं नाही. आन् मशीन उशीच्या खालच्या पातळीवर ठेवा, वर ठेवलं तर नळीत साचलेलं पाणी घरंगळत थेट मास्कमध्ये येतं, झोपेत नाकात पाणी गेल्यावर माणूस कसा उठतो ते मी बघितलंय, तो माणूस मीच होतो.

ओलीचं सेटिंग ऋतूप्रमाणं बदलायचं. कोरड्या उन्हाळ्यात आन् थंडीत जास्त लागतं. पण खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच ओली, तिथं सेटिंग उतरवा नाहीतर नळीत गुरगुर ऐकू येईल, तो घोरण्याचा आवाज नाही, नळीत पाणी झालंय. पावसाळ्यात मी जवळपास निम्म्यावर आणतो. लाईट गेली आन् मशीन बॅटरीवर घेतलं तर ओल बंदच करा, पाणी गरम करायलाच जास्त वीज जाते, ते बंद केलं की तीच बॅटरी बरीच लांब पुरते. गावाकडं लग्नाला गेलं की मी सोबत एक लिटरची बाटली नेतो, वर मोठ्या अक्षरात "मशीन" लिहून, तरी मागच्या वेळी कोणीतरी पिऊन टाकली.

जलनेती करणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगायचं राहिलं. डब्यातलं पाणी वाफ होऊन येतं, नेतीचं पाणी जसंच्या तसं नाकात जातं, तिथं नळाचं, बोअरचं कच्चं पाणी अजिबात नाही, उकळून गार केलेलंच. मेंदूपर्यंत पोचणारा अमीबा याच वाटेनं जातो.

साडूला हे सगळं सांगून झालं. काल त्याचा फोटो आला, आरशावर तीन डाग, चिठ्ठ्यांवर बोअर, जार, आरओ. बोअरच्या डागावर नातवानं बोटानं स्वतःचं नाव काढलेलं, एवढी पूड. खाली लिहिलं होतं, "पाव्हणं, मशीनचं कळलं, पर हे आम्ही रोज पितो त्याचं काय?" त्याला म्हणलं टीडीएसवरून पिण्याचं ठरत नाही, फ्लोराईड-नायट्रेट किती आहे ते मीटरला वेगळं दिसत नाही, किनवटकडच्या गावांत फ्लोराईडनं दात पिवळे पडलेत ते पाणी दिसायला नितळच असतं. स्वच्छ बाटलीत नमुना भरा आन् जिल्ह्याला भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत नेऊन द्या. सोमवारी जातो म्हणलाय.